‘भरधाव’ म्हणजे किती? रस्त्यावरच्या मृत्यूच्या शिक्षेची पार्श्वभूमी

१८६० साली भारतीय दंडसंहिता मंजूर झाली तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या, टांगे आणि घोडेस्वार होते. तरीही कलम २७९ त्यात होते: सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन हाकून माणसाच्या जिवाला धोका निर्माण केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या काळी हजार रुपये ही जबर रक्कम होती. १ जुलै २०२४ रोजी दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, २७९ चे २८१ झाले, आणि दंडाची कमाल मर्यादा राहिली हजार रुपयेच. मोटार आली, महामार्ग आले, द्रुतगती मार्ग आले, या आकड्याला कोणी हात लावला नाही.

दर मोठ्या अपघातानंतर ‘शिक्षा वाढवा’ ही मागणी होते. तिचा जोर कमाल शिक्षेच्या आकड्यावर असतो. कायद्याचा इतिहास पाहिला तर खरी अडचण आकड्यात कमी आणि कलमांच्या रचनेत जास्त दिसते.

मूळ दंडसंहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी वेगळे कलमच नव्हते. ते १८७० मध्ये ३०४-अ म्हणून घातले गेले: अविचाराने किंवा हयगयीने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तेव्हा मोटार अस्तित्वात नव्हती. डोळ्यांपुढे होते ते चुकून सुटलेली बंदूक, चुकीचे औषध, नीट न बांधलेली भिंत. हेच कलम पुढे अपघाती मृत्यूंचे मुख्य कलम बनले. १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ओंकार रामप्रताप खटल्यात त्याची कसोटी ठरवली: आरोपीची हयगय हे मृत्यूचे थेट आणि निकटचे कारण असले पाहिजे, घटनांच्या साखळीतला एक दुवा असणे पुरेसे नाही. अपघाताच्या खटल्यांत बचावपक्षाचे वकील आजही याच कसोटीवर उभे राहतात.

दुसरा रूळ मोटार वाहन कायद्याचा. पहिला कायदा १९१४ चा, नंतर १९३९ चा, मग १९८८ चा. १९८८ च्या कायद्यात कलम १८३ खाली वेगमर्यादा ओलांडण्याचा पहिला दंड होता चारशे रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी हजार. कलम १८४ खाली धोकादायक चालवण्याला सहा महिने कैद किंवा हजार रुपये. हे आकडे तीस वर्षे तसेच राहिले. महागाईने दंड आपोआप माफ केला म्हणा ना.

आता फिर्यादीची भाषा पाहा. ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’ हे वाक्य इतके ठरून गेले आहे की कोणत्याही पोलीस ठाण्यात ते कमीअधिक फरकाने सापडते. पण १९९८ मध्ये ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ‘जास्त वेग’ हा सापेक्ष शब्द आहे. ट्रक जोरात होता एवढ्यावरून अविचार किंवा हयगय सिद्ध होत नाही. साक्षीदाराला ‘जोरात म्हणजे किती?’ हे विचारले गेले पाहिजे, आणि उत्तराला आधार हवा.

तो आधार मिळवायचे मार्ग आहेत, पण वेळीच हात घालावा लागतो. कोरड्या डांबरावर चाके घासत गेल्याच्या ३० मीटर खुणा असतील आणि घर्षणांक (टायर आणि रस्त्यामधल्या पकडीचे माप) ०.७ धरला, तर गाडी थेट थांबली असे समजून सुरुवातीचा वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर निघतो. धडकेनंतर थांबली असेल तर खरा वेग त्याहून जास्त. मात्र आजच्या गाड्यांमध्ये चाक अडकू न देणारी एबीएस ब्रेक यंत्रणा असते, त्यामुळे अशा ठळक खुणा उमटतच नाहीत. पंचनाम्यात ‘ब्रेकच्या खुणा नाहीत’ असे लिहिले जाते आणि न्यायालयात त्याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या सोयीने लावतात. सीसीटीव्ही असेल तर रस्त्यावरच्या दोन ठरावीक खुणांमधले अंतर टेपने मोजून चित्रफितीतल्या चौकटी मोजायच्या: सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात २० मीटरसाठी २० चौकटी लागल्या, तर वेळ ०.८ सेकंद आणि वेग ताशी ९० किलोमीटर. एक चौकट इकडेतिकडे झाली की चार-पाच किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय दुकानातला डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, सेकंदाला नेमक्या किती चौकटी साठवतो हे आधी तपासावे लागते, आणि जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. तपासी अंमलदार पंधरा दिवसांनी पोहोचला तर हाती काही लागत नाही. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल सहसा ब्रेक, स्टेअरिंग, टायर ठीक होते का एवढेच सांगतो. वेग त्यात नसतो.

वेगाचा फरक किती महत्त्वाचा, हे एका हिशेबात दिसते. चालकाला प्रतिक्रियेला एक सेकंद लागतो आणि ब्रेक चांगले आहेत असे धरा. ताशी ५० ने येणारी गाडी सुमारे २८ मीटरमध्ये पूर्ण थांबते. त्याच जागी ब्रेकची गरज ओळखणारी, ताशी ६० ने आलेली गाडी त्या २८ मीटरच्या रेषेवर अजून ताशी ४० ने धावत असते. वरवर फरक दहा किलोमीटरचा दिसतो, पण पादचाऱ्यासाठी धडक न बसणे आणि चाळीसची धडक बसणे एवढे हे अंतर आहे.

कलमांच्या रचनेचा प्रश्न सर्वांत उघड झाला तो मुंबईच्या कार्टर रोड प्रकरणात. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली, सात जण मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्य आढळले होते. सत्र न्यायालयाने ३०४-अ खाली सहा महिन्यांची कैद दिली. लोक संतापले, उच्च न्यायालयाने प्रकरण स्वतःहून हाती घेतले आणि ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावून तीन वर्षांची शिक्षा दिली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घटना एक, पुरावा तोच. कलम बदलले आणि शिक्षा सहापट झाली.

३०४-अ आणि ३०४ भाग दोन यांमधली भिंत ‘जाणीव’ या एका शब्दाची आहे. आपल्या कृत्याने मृत्यू होण्याची शक्यता आहे हे आरोपीला ठाऊक होते असे सिद्ध झाले तर दहा वर्षांपर्यंत. नाही तर त्या वेळी दोन वर्षांपर्यंत. मधे पायरी नाही. पहिला गुन्हा जामीनपात्र, दुसरा अजामीनपात्र आणि सत्र न्यायालयात चालणारा. त्यामुळे पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी कोणते कलम लागते यावर सगळी धडपड केंद्रित होते. लोकांचा दबाव असेल तर वरचे कलम लागते, ते दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला उभा राहण्याआधीच आरोप वगळण्याच्या, अर्जात टिकत नाही, आणि मग ‘पैशाने सुटला’ अशी बोलवा होते. कधीकधी ती खरीही असते, पण अनेकदा ‘जाणीव’ सिद्ध करायला मद्याच्या चाचणीपलीकडे काही नसते एवढेच कारण असते.

ब्रिटनपुढे हाच पेच आपल्या आधी आला. तिथले ज्युरी मोटारचालकाला मनुष्यवधासाठी दोषी ठरवायला कचरत, कारण त्या पिंजऱ्यात आपणही उभे असू शकतो असे त्यांना वाटे. म्हणून १९५६ मध्ये ‘धोकादायक चालवून मृत्यू घडवणे’ असा स्वतंत्र गुन्हा आणला गेला, कमाल पाच वर्षांचा. त्यात चालकाच्या मनात काय होते हे शोधायचे नाही. त्याचे चालवणे कोणत्या दर्जाचे होते ते पाहायचे. १९९३ मध्ये कमाल शिक्षा दहा वर्षे, २००३ च्या कायद्याने चौदा आणि २०२२ पासून जन्मठेप झाली. आधी पायरी बांधली, मग ती उंच केली.

आणि आता गंमत पाहा. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ ला जोडलेल्या स्पष्टीकरणात सिग्नल तोडणे, उलट दिशेने चालवणे, हातात फोन धरणे यांच्या यादीच्या शेवटी एक वाक्य आहे: सक्षम आणि काळजीपूर्वक चालकाकडून अपेक्षित असलेल्या दर्जाच्या फारच खाली जाणारे, आणि तशा चालकाला धोका उघड दिसेल असे चालवणे. हे ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यातल्या व्याख्येचे जवळजवळ जसेच्या तसे रूप आहे. व्याख्या आपण उचलली, पण तिच्यापुढे शिक्षा ठेवली पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड. माणूस मेला तर काय, याचे उत्तर त्या कलमात नाही. ते त्या वेळी पुन्हा १८७० च्या कलमाकडेच पाठवले गेले.

स्वतंत्र गुन्हा केला की सगळे सुटते असेही नाही. जपानने १९९९ च्या तोमेई द्रुतगती मार्गावरील अपघातानंतर २००१ मध्ये असा गुन्हा निर्माण केला आणि त्यात ‘गाडीवर ताबा ठेवणे अवघड व्हावे इतका वेग’ असा शब्दप्रयोग घातला. २०२१ मध्ये ओइता शहरात ६० च्या रस्त्यावर १९४ ने धावलेल्या गाडीने एकाचा जीव घेतला, तेव्हा वाद झाला तो असा: सरळ रस्त्यावर गाडी धडकेपर्यंत सरळच चालली होती, मग ताबा सुटला होता असे कसे म्हणायचे? सरकारी वकिलांनी आधी साध्या निष्काळजीपणाचा आरोप ठेवला आणि नंतर तो बदलला.

भारतात ३०४-अ ची दोन वर्षे अपुरी आहेत हे विधी आयोगाने २००९ च्या २३४व्या अहवालात नोंदवले. २०१५ मध्ये ‘पंजाब राज्य विरुद्ध सौरभ बक्षी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदेमंडळाने या शिक्षेचा फेरविचार करावा असे सुचवले. त्याआधी २००० मध्येच दलबीर सिंग खटल्यात याच न्यायालयाने अशा चालकांना परिविक्षेवर, म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सोडू नये असे सांगितले होते. शेवटी न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये दोन वर्षांची पाच झाली. या बदलातला कमी चर्चिलेला भाग म्हणजे ‘कैद किंवा दंड’ जाऊन ‘कैद आणि दंडही’ आले. नुसता दंड भरून सुटण्याची वाट कागदावर बंद झाली. किमान शिक्षा मात्र ठरवलेली नाही, म्हणजे न्यायाधीशाला अगदी थोडक्या कैदेवरही थांबता येते. आणि गुन्हा जामीनपात्रच राहिला.

१०६(२) ची कथा वेगळी. मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असे ते उपकलम. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. थांबलो तर जमाव मारतो, हे त्यांचे म्हणणे. ते हवेतले नव्हते: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच जखमीला मदत करण्याच्या कर्तव्यातून ‘जमावाचा रोष’ हा अपवाद दिलेला आहे. सरकारने वाहतूकदार संघटनेशी बोलणी केली, आणि १ जुलैला बाकी संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून. वास्तविक उपकलमाला हवे होते कळवणे, घटनास्थळी थांबणे नव्हे. पुढच्या ठाण्यात जाऊन किंवा फोनवरून कळवले तर चालेल का, एवढे एक वाक्य मसुद्यात असते तर निम्मा वाद टळला असता.

दंडांचे पान २०१९ मध्ये उलटले. १ सप्टेंबरपासून वेगाचा दंड हलक्या वाहनांना एक ते दोन हजार, मध्यम आणि अवजड वाहनांना दोन ते चार हजार झाला. पुन्हा सापडल्यास परवाना जप्त. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. दंडात दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची तरतूदही कायद्यात आली. पण तडजोड शुल्क, म्हणजे खटल्याऐवजी भरून मोकळे होण्याची रक्कम, ठरवण्याचा अधिकार राज्यांचा. गुजरातने दहा दिवसांत दर खाली आणले. महाराष्ट्राने अंमलबजावणी थांबवली, सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

देशात २०१९ मध्ये दीड लाखांहून जास्त माणसे रस्त्यावर मेली. २०२२ मध्ये १,६८,४९१. सरकारी अहवालात यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात पडतात. त्या रकान्यावर फार विसंबू नये. फिर्यादीतला ‘भरधाव’ तिथे आकडा होऊन बसलेला असतो, आणि वळणाची रचना, दिव्यांचा अभाव, उभा ट्रक यांना जागा उरत नाही.

फ्रान्सने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी रस्ता सुरक्षा हे राष्ट्रीय काम जाहीर केले, आणि ऑक्टोबर २००३ पासून स्वयंचलित वेगमापक बसू लागले. दंडाचा कागद यंत्रातून थेट घरी. २००१ मध्ये आठ हजारांच्या घरात असलेले मृत्यू २००४ पर्यंत साडेपाच हजारांच्या आसपास आले. श्रेय एकट्या यंत्रांचे नाही, पण चालकांच्या डोक्यातली ‘सापडणार नाही’ ही खात्री त्यांनी मोडली.

आपल्याकडे त्यासाठीचे मोटार वाहन कायद्याचे कलम १३६-अ २०१९ मध्येच आले, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७-अ ऑगस्ट २०२१ मध्ये. यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारे प्रमाणपत्र हवे, रस्त्यावर कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक हवा, आणि चालकाला नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे. अडते ते खाली. गाडी विकली तरी नोंदणी जुन्या मालकाच्या नावावर, मोबाइल क्रमांक बदललेला, नंबर प्लेट वाकवलेली. चलन थकते, आणि लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून ते थकवलेच जाते. एका जागी उभ्या कॅमेऱ्यापुढे चालक शंभर मीटर ब्रेक दाबतात आणि पुन्हा पाय देतात. त्यावर उपाय दोन ठिकाणांमधल्या सरासरी वेगाचा: शंभरच्या मर्यादेत दहा किलोमीटरला किमान सहा मिनिटे लागतात, पाच मिनिटांत पोहोचलेली गाडी ताशी १२० ने आली होती. त्यात ना साक्षीदार लागतो, ना ‘भरधाव’ हा शब्द.