पापडाने काढलेला नकाशा

आमच्याकडे मायक्रोवेव्ह आला तो पापड भाजायला, असं म्हटलं तर फारसं खोटं ठरणार नाही. सकाळी दूध, दुपारी डब्यातली भाजी आणि पाहुणे आले की पापड, यापलीकडे त्याला फार काम नसतं. पण त्या पेटीच्या पोटात काय चालतं हे बघायचं असेल, तर पापडाइतकं स्वस्त उपकरण दुसरं नाही.

आतली फिरणारी काचेची ताटली काढा. ती फिरवणारी मधली चकती फिरतच राहते, म्हणून तिला न टेकेल असा काचेचा वाडगा वर उपडा घाला आणि त्यावर चिनी मातीची सपाट ताटली ठेवा. तिच्यात उडदाचे दोन पापड शेजारी शेजारी मांडा. वीस-पंचवीस सेकंद, तेही नजर न हटवता. पापड बाहेर येतो तो चट्ट्यापट्ट्यांचा. कुठे फुलून पांढरा, कुठे करपायच्या बेतात आणि मध्येच पिवळट, कच्चा, वाकवला तर वाकणारा.

हा त्या पेटीतल्या उष्णतेचा नकाशा आहे. पेटीत सोडलेल्या मायक्रोवेव्ह लहरी लोखंडी भिंतींवर आपटून परततात, येणाऱ्या-जाणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि काही जागी जोर कायम जास्त, काही जागी जवळजवळ शून्य, असं होऊन बसतं. एक टोक खिळ्याला बांधून दोरी हलवली की तिचे काही बिंदू जोरात झुलतात आणि काही जागचे हलत नाहीत, तसंच हे. दोन शेजारच्या फुललेल्या ठिपक्यांतलं अंतर पट्टीने मोजा. ते साधारण सहा सेंटीमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मं भरतं. माझ्याकडे कधी साडेपाच आलं, कधी सात. सहा बाजूंनी लहरी उसळत असताना नकाशा रेखीव कसा येणार? सहाची दुप्पट बारा. पेटीच्या मागच्या पट्टीवर 2450 मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला 245 कोटी हेलकावे. दोन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला 2 लाख 94 हजार किलोमीटर येतात. प्रकाशाचा खरा वेग 2,99,792. पापडाच्या मानाने वाईट नाही!

या लहरी तापवतात मुख्यतः पाण्याला. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. लहरीची दिशा पालटेल तसा तो वळायला बघतो, मागे पडतो, शेजाऱ्यांना धक्के देतो. ही धक्काबुक्की म्हणजेच उष्णता. 2450 ही पाण्याची कुणी खास वारंवारता आहे, हे मात्र खरं नाही. पाणी त्याहून कितीतरी वरच्या वारंवारतेला जास्त लहरी शोषतं. पण तशा लहरी वापरल्या तर त्या पदार्थाच्या सालीतच संपतील. 2450च्या लहरी दोन-तीन सेंटीमीटर आत शिरतात. ‘मायक्रोवेव्ह आतून शिजवतो’ या समजुतीत तथ्य आहे ते एवढंच. मोठा बटाटा मधोमध शिजतो तो बाहेरची उष्णता हळूहळू आत सरकून.

शेंगदाणा मात्र इतका लहान, की लहरी त्याच्या आरपार जातात. शिवाय पेटीतली हवा गारच असते, त्यामुळे दाण्याचं साल निवत राहतं आणि पोट तापत राहतं. म्हणून कूट करायला घेतलेले दाणे वरून छान गुलाबी दिसतात आणि फोडल्यावर आतून काळे निघतात. मिनिटामिनिटाला ढवळा, आणि रंग बघत न बसता एक दाणा फोडून बघा. पुरणपोळीतही तीच गोष्ट. पोळी हाताला कोमट लागते आणि आतलं ओलसर पुरण जीभ पोळतं.

सगळ्यात मजा फ्रीजरमधल्या खोवलेल्या नारळाची. बर्फातले रेणू जखडलेले असतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून बर्फ लहरी फारच कमी शोषतो. पण कडेचा थोडा भाग वितळला की ते पाणी लहरी गटागटा पितं, आणखी तापतं, आणखी वितळतं. परिणामी कडेचा नारळ शिजून तेल सुटलेलं आणि मधे दगड. यासाठीच डीफ्रॉस्टचं बटण आहे. ते दाबल्यावर बऱ्याच यंत्रांत घरघर मधूनमधून थांबते. ताकद कमी झालेली नसते. लहरी पूर्ण जोराने येतात आणि बंद होतात. त्या विश्रांतीत कडेची ऊब आत पोचते.

हे सगळं सापडलं रडारच्या कामात. 1945 साली अमेरिकेत रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे या लहरी निर्माण करणाऱ्या नळीजवळ, काम करताना अभियंते पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. 1947मध्ये बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाएवढी उंच आणि जवळजवळ 340 किलोची होती.

आता वांग्याचं भरीत. टोचे न मारता वांगं आत ठेवलं तर आतली वाफ ते फोडते आणि पुढची पंधरा मिनिटं पेटी पुसण्यात जातात. टोचे मारलेत तर सात-आठ मिनिटांत गर लोण्यासारखा मऊ होतो, पण चव उकडलेल्या वांग्याची. गरात पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या फार वर चढत नाही, आणि साल जळून येणारा तो धुरकट वास त्या तापमानाला जन्मतच नाही. पापड लालसर होतो, कारण त्यातलं मूठभर पाणी काही सेकंदांत उडून जातं. वांगं आम्ही अजून गॅसवरच भाजतो, आणि शेगडीवर सांडलेला रस नंतर घासत बसतो.