उन्हात ठेवलेली कलौंजी

रमजानच्या दिवसांत लक्ष्मीपुरीत एका हातगाडीवर कलौंजीच्या तेलाच्या बाटल्या भर उन्हात मांडलेल्या दिसल्या. "सगळ्या रोगांवर चालतंय सर, फक्त मरणावर न्हाई," गाडीवाला म्हणाला. हे त्याच्या पदरचं नव्हे. बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संकलनात, ‘हब्बतुस्सौदा’ म्हणजे काळ्या बीबद्दल असंच म्हटलं आहे. मात्र ‘सगळ्या’ हा शब्द दहाव्या शतकातल्या अल-खत्ताबी या भाष्यकारानेच आवरता घेतला होता: अंगात ओलावा वाढून होणारे आजार, एवढेच. हजार वर्षांनी व्हॉट्सअॅपने तो पुन्हा मोकाट सोडला.

कलौंजी म्हणजे कांद्याचं बी नव्हे, आणि आपल्या चटणीतले कारळेही नव्हेत. नायजेला सटायव्हा ही बचनागाच्या कुळातली वनस्पती. दाणे चुरडून हुंगले की ओव्याची पुसट आठवण येते, आणि त्यालाही कारण आहे. ओव्यातलं थायमॉल आणि कलौंजीतलं थायमोक्विनोन यांचा दहा कार्बनचा सांगाडा एकच. थायमॉलमधले दोन हायड्रोजन काढा, एक ऑक्सिजन जोडा, की झालं थायमोक्विनोन.

आता माझी आवडती गोष्ट. क्विनोन जातीचे रेणू इलेक्ट्रॉनची उसनवारी करतात. थायमोक्विनोन त्यातलंच. पेशीतल्या एन्क्यूओ-१ या विकराने (एन्झाइमने) त्याला एकदम दोन इलेक्ट्रॉन दिले, तर त्याचं हायड्रोक्विनोन होतं. ते पुढे उपद्रवी मुक्त मूलकांना (फ्री रॅडिकल्सना) इलेक्ट्रॉन देऊन गप्प करतं. पण एकच इलेक्ट्रॉन मिळाला, तर अर्धवट सेमीक्विनोन तयार होतं. ते हातातला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या गळ्यात मारतं आणि सुपरऑक्साइड, म्हणजे नवंच मुक्त मूलक, जन्माला येतं. रिकामा झालेला क्विनोन पुन्हा उसनं मागायला मोकळा! त्यामुळे हाच रेणू थोड्या मात्रेत पेशीला वाचवतो आणि जास्त झाला की पेशीलाच मारतो. ‘कलौंजी कर्करोग मारते’ या मथळ्यांमागे बहुतेक वेळा हे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींचं मरण असतं. माणसाच्या रक्तात बहुतेक थायमोक्विनोन प्रथिनांना चिकटून बसतं; बशीतली मात्रा पेशींपर्यंत पोचायची कशी?

माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत रक्तदाब आणि साखर थोडी उतरल्याचं दिसलं आहे. म्हणूनच मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचे रिचवू नयेत. साखर नको इतकी खाली यायची. नानवर पेरलेल्या चिमूटभराला कसलीच हरकत नाही.

राहिल्या त्या बाटल्या. प्रकाश पडला की थायमोक्विनोनचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि डायथायमोक्विनोन बनतं; मूळ थायमोक्विनोन तेवढं घटतं. गाडीवाल्याला मी एवढंच म्हणालो, "मामा, बाटल्या जरा सावलीला घ्या." तो हसला. "सावलीत ठिवल्यावर गिऱ्हाइकाला दिसणार कशा?"