महाराष्ट्रातील वाहनप्रदूषण नियंत्रण

मोटारी, दुचाकी, रिक्षा, बस आणि ट्रक यांच्या धुराने होणारे हवेचे प्रदूषण कमी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाचा परिवहन विभाग, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिकांनी योजलेले उपाय. टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आणणे, टॅक्सीची वयोमर्यादा, पीयूसी तपासणी (गाडीचा धूर मर्यादेत आहे का ते पाहणे), जुन्या वाहनांवरील पर्यावरण कर, विजेवरच्या बस आणि इलेक्ट्रिक वाहन धोरण हे त्यांतले मुख्य होत. यांपैकी सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय, म्हणजे मुंबईच्या टॅक्सी-रिक्षांचे इंधन बदलणे, हा शासनाने आपण होऊन हाती घेतलेला नव्हता. तो मुंबई उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे तडीस गेला.

राज्याच्या हातात काय आहे

इंजिनातून किती धूर सुटलेला चालेल आणि पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक किती असावे, हे केंद्र सरकार ठरवते. वाहनाचे आयुष्य ठरवण्याचा अधिकारही मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 59 नुसार केंद्राकडेच आहे. राज्याकडे उरतात ती मोजकी हत्यारे. टॅक्सी, रिक्षा, बस यांना परमिट देताना अटी घालता येतात. वाहनांवर कर बसवता येतो, कारण तो विषय संविधानाच्या राज्यसूचीत आहे. ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी वाहनांना मज्जाव करता येतो. आरटीओची यंत्रणा राज्याची आहे. शिवाय हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम 1981 च्या कलम 20 प्रमाणे धुराची मानके पाळली जावीत म्हणून नोंदणी अधिकाऱ्यांना सूचना देण्याचे काम राज्यावर सोपवलेले आहे.

महाराष्ट्राला कुठे यश आले आणि कुठे नाही, हे बहुतांशी या वाटणीवरून कळते. ज्या वाहनाला परमिट लागते त्याच्या मालकाला राज्य अट घालू शकले. खाजगी दुचाकी आणि मोटारींपुढे कर, दंड आणि सवलत यांपलीकडे राज्याचा हात पोचला नाही, आणि रस्त्यावर वाढ झाली ती याच वाहनांची. मुंबईत 2000 च्या सुमारास नोंदलेली वाहने 10 लाखांच्या घरात होती. 2025 पर्यंत ती 45 लाखांच्या पुढे गेली.

केंद्राची मानके टप्प्याटप्प्याने आणि शहर पाहून लागू झाल्याचा फटकाही राज्याला बसला. एप्रिल 2010 मध्ये भारत स्टेज 4 हे धुराचे अधिक कडक मानक देशातल्या 13 शहरांत लागू झाले. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. बाकी महाराष्ट्र स्टेज 3 वर राहिला. स्टेज 4 च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत 50 भाग, तर स्टेज 3 मध्ये 350. बाहेरगावी टाकी भरून मुंबईत शिरणाऱ्या ट्रकचा धूर अर्थातच 350 चा. हा दुजाभाव एप्रिल 2017 मध्ये स्टेज 4 देशभर लागू झाल्यावर संपला. एप्रिल 2020 पासून देशभर स्टेज 6 आहे आणि गंधकाची मर्यादा 10 भागांवर आली आहे.

काळी-पिवळी गॅसवर कशी आली

नव्वदच्या दशकातली मुंबईची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. अनेक मालकांनी पेट्रोलचा खर्च परवडत नाही म्हणून तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले होते. जुनी बॉडी, त्यात कुठून तरी आणलेले इंजिन, दोन पाळ्यांत चालणारी गाडी: सिग्नलला एक टॅक्सी सुटली की मागच्याला काही दिसू नये इतका धूर. सीएनजीचा पुरवठा सुरू झाला होता आणि 1995 मध्ये महानगर गॅस लिमिटेडची स्थापनाही झाली होती, पण गाडी गॅसवर चालवण्यासाठी लागणारे किट बसवण्याची सक्ती नव्हती आणि पंप हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या नागरिकांच्या संस्थेने वाहनांच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर 1999 मध्ये न्यायालयाने तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लाल समितीने 2000 मध्ये अहवाल दिला. इंधनाचा दर्जा, वाहनाचे वय, धुराची तपासणी आणि सीएनजी-एलपीजीचा वापर या सगळ्यांचा एकत्र विचार त्यात होता. त्याच्या आधारे न्यायालयाने 2001 मध्ये दिलेल्या आदेशांचा गाभा असा, की 15 वर्षांहून जुन्या टॅक्सी आणि 10 वर्षांहून जुन्या रिक्षा स्वच्छ इंधनावर आणा, नाहीतर रस्त्यावरून काढा. टॅक्सी संघटनांचा विरोध होता, आणि तो निराधार नव्हता. किटचा खर्च मालकाच्या डोक्यावर आला, आणि पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ हा धंद्याचा वेळ होता.

गॅस गाडीत भरतात तो सुमारे 200 बार दाबाने. एवढा दाब सोसणारे जाड पोलादी सिलिंडर पद्मिनीच्या डिकीत आडवे बसवले गेले आणि डिकीतली जवळपास सगळी जागा त्याने घेतली. लांबच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्यांच्या ट्रंका आणि वळकट्या त्यामुळे टपावरच्या कॅरियरवर चढल्या. हे सिलिंडर दर तीन वर्षांनी काढून पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्यावे लागते. त्याची तारीख गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते आणि ती उलटून गेली असेल तर पंपावर गॅस मिळत नाही. पंपावरचा माणूस आधी पट्टी पाहतो, मग नळी लावतो. या साध्या अडवणुकीने जी शिस्त आली ती कितीही दंड आकारून आली नसती.

काही वर्षांतच मुंबईच्या जवळपास सगळ्या टॅक्सी आणि रिक्षा गॅसवर आल्या. मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टनेही सीएनजी बस घेतल्या. पुण्यात रिक्षांना सीएनजी किट बसवण्यासाठी महापालिकेने अनुदान दिले आणि तिथली बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलच्या ताफ्यात सीएनजी बस वाढल्या. गॅस जळताना काजळी फारशी होत नाही, त्यामुळे डिझेलचा काळा धूर रस्त्यावरून खरोखर हटला. ज्यांनी दोन्ही काळ पाहिले त्यांना हे सांगावे लागत नाही. तरी सीएनजी हे निर्दोष इंधन नव्हे. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यातूनही निघतात, आणि न जळता निसटणारा मिथेन तापमानवाढीला हातभार लावतो.

मुंबईतल्या टॅक्सीची कमाल वयोमर्यादा पुढे 20 वर्षांवर आणली गेली. ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. 30 ऑक्टोबर 2023 पासून ही गाडी टॅक्सी म्हणून चालणे बंद झाले. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला बेस्टची डिझेलवरची लाल डबलडेकरही शेवटची धावली. 1937 पासून ती मुंबईच्या रस्त्यावर होती.

पीयूसी

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 115 नुसार प्रत्येक वाहनाजवळ धूर मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र असावे लागते. नवीन गाडीला पहिले वर्ष ते लागत नाही. त्यानंतर जुन्या मानकांच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी आणि स्टेज 4 व पुढच्या गाड्यांना वर्षातून एकदा ते काढावे लागते. प्रमाणपत्र नसल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये ही तपासणी होते. पेट्रोलच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून, इंजिन संथ चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलच्या गाडीत ॲक्सिलरेटर एकदम दाबून धूर किती दाट येतो ते पाहतात. फुप्फुसांत खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. उभ्या, रिकाम्या ट्रकचा धूर आणि माल भरून घाट चढणाऱ्या त्याच ट्रकचा धूर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि माणूस श्वासात घेतो तो दुसरा. म्हणून पीयूसीला आरोग्याची हमी समजू नये. ठार बिघडलेले इंजिन ओळखण्याचे ते साधन आहे, आणि तेवढे काम ते करू शकते, तपासणी खरी झाली तर.

ती खरी होत नसे, ही जुनी तक्रार. गाडी न आणता, नळी न लावता कागद मिळत असे. त्यावर उपाय म्हणून केंद्रे ऑनलाइन करण्यात आली. यंत्रावरचा आकडा आणि गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो थेट 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत जातो. रस्त्यावरची तपासणी आरटीओची वायुवेग नावाची फिरती पथके करतात. पीयूसी नसेल तर पंपावर इंधन देऊ नये, असे धोरण राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी 2025 मध्ये जाहीर केले.

पर्यावरण कर आणि जुनी वाहने

महाराष्ट्रात 15 वर्षांहून जुन्या खाजगी आणि 8 वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनांवर पर्यावरण कर आहे. जुनी गाडी ठेवणे महाग पडावे हा त्यामागचा हेतू. पण खाजगी वाहनाचा कर पाच वर्षांसाठी मिळून काही हजार रुपयेच आहे, आणि तेवढ्यासाठी कोणी चालती गाडी मोडीत काढत नाही. कराने तिजोरीत भर पडली. गाड्या हटल्या असे म्हणण्याजोगे काही घडले नाही.

दिल्लीच्या बातम्यांमुळे इथेही एक गैरसमज पसरलेला आहे. 10 वर्षांच्या डिझेल आणि 15 वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाने दिल्ली आणि तिच्या राजधानी क्षेत्रापुरती आली. महाराष्ट्रात ती नाही. इथे 15 वर्षांनंतर गाडी आरटीओत दाखवून, पासिंग करून आणि कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते. 15 वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी मात्र केंद्राच्या नियमाने एप्रिल 2023 पासून रद्द होते.

विजेवरची वाहने

राज्याचे पहिले इलेक्ट्रिक वाहन धोरण 2018 मध्ये आले. जुलै 2021 च्या दुसऱ्या धोरणाने 2025 पर्यंत नव्या नोंदणीत 10 टक्के वाहने विजेवरची असावीत असे लक्ष्य ठेवले आणि दुचाकीला बॅटरीच्या क्षमतेप्रमाणे थेट अनुदान दिले. तिसरे धोरण एप्रिल 2025 मध्ये मंजूर झाले. 2030 पर्यंतच्या या धोरणासाठी 1,993 कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यानुसार ऑगस्ट 2025 पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना टोल माफ आहे. बाइक टॅक्सीला परवानगी देतानाही राज्याने ती विजेवरचीच हवी अशी अट घातली. पुन्हा परमिटचेच हत्यार, आणि या वेळी धंदा पसरण्याआधीच वापरलेले.

कराच्या बाबतीत एवढी स्पष्टता नाही. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक मोटारींवर 6 टक्के कर सुचवला गेला आणि त्याच अधिवेशनात मागे घेतला गेला. खाजगी सीएनजी-एलपीजी मोटारींवरचा कर मात्र 1 टक्क्याने वाढला. ज्या इंधनाकडे लोकांना न्यायालयाच्या आदेशाने वळवले त्यावरच कर वाढवणे हे धोरण म्हणून पटण्यासारखे नाही.

मालवाहतूक

राज्याचे प्रयत्न सर्वांत तोकडे पडले ते इथे. नॅशनल परमिटचे ट्रक देशभर फिरतात आणि परराज्यात नोंदलेल्या ट्रकवर महाराष्ट्राला वयाची अट घालता येत नाही. मुंबईत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी शिरू न देण्याचे निर्बंध आहेत. त्याने दुपारचा धूर रात्रीवर जातो, कमी होत नाही. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रकच्या रांगा आणि बांधकामाचे डंपर यांसाठी टॅक्सीसारखी मोहीम आजवर झालेली नाही.

उच्च न्यायालयापुढील दुसरा टप्पा

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची हवा फारच बिघडल्यावर उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जानेवारी 2025 मध्ये मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने मुंबईत पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि विजेवरची वाहने ठेवता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितले. त्याच महिन्यात शासनाने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. लाल समितीपुढे परमिटाची वाहने होती. या समितीपुढचा विषय घरोघरच्या स्कूटर आणि मोटारींचा आहे.

सार्वजनिक बस

खाजगी गाडीला खरा पर्याय बसचाच, आणि बस थेट शासकीय यंत्रणांच्या हातात आहे. बेस्टच्या ताफ्यात पहिल्या इलेक्ट्रिक बस 2017 मध्ये, विजेवरची वातानुकूलित डबलडेकर फेब्रुवारी 2023 मध्ये आली. पुण्यात पीएमपीएमएलच्या इलेक्ट्रिक बस 2019 पासून आहेत. एसटीने 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडली होती. त्याच मार्गावर 1 जून 2022 ला तिची पहिली इलेक्ट्रिक बस 'शिवाई' सुरू झाली. त्यानंतर भाडेतत्त्वावर 5,150 इलेक्ट्रिक बस घेण्याचा करार झाला, पण बस ठरल्या वेळापत्रकाच्या फार मागे राहून येत आहेत.

बेस्टचे दुखणे याहून गंभीर आहे. एके काळी तिच्याकडे चार हजारांहून अधिक बस होत्या. आता तीन हजारांहूनही कमी आहेत. जुन्या डिझेल बस आयुष्य संपले म्हणून निघाल्या आणि भाड्याच्या नव्या बस त्या वेगाने आल्या नाहीत. एकेका बसमागचा धूर कमी झाला, पण थांब्यावर ताटकळणारा प्रवासी शेअर रिक्षाकडे वळला किंवा हप्त्याने स्कूटर घेऊन मोकळा झाला.