स्लॉट दोन, पण लेन किती?

भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून नवा मदरबोर्ड आणला तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता. घरात ग्राफिक्स कार्डं दोन, एक नवंकोरं आणि एक जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेलं. बोर्डावर लांब स्लॉटही दोनच. "मामा, दोन्ही मस्त बसतात," तो म्हणाला. कार्ड बसवण्याआधी मी त्याच्या हातात मोबाइलचा टॉर्च दिला आणि स्लॉटच्या आत नीट बघ म्हटलं. वरच्या स्लॉटमध्ये सोनेरी पिना या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकत होत्या. खालच्या स्लॉटमध्ये त्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हत्या, पुढे नुसतं रिकामं प्लास्टिक. लांबी एक्स१६ ची, म्हणजे सोळा लेनची, जोडणी फक्त एक्स४ ची, म्हणजे चार लेनची. दुकानातल्या खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात 'दोन स्लॉट' एवढंच छापलेलं होतं.

दोन कार्डांसाठी बोर्ड घेताना स्लॉट मोजू नका, लेन मोजा. कार्ड ज्या मार्गाने कॉम्प्युटरशी बोलतं तो पीसीआय एक्सप्रेस. त्याची एक लेन म्हणजे तारांच्या दोन जोड्या, एक माहिती पाठवायला, दुसरी घ्यायला. ३.० पिढीत एका लेनमधून एका दिशेने सेकंदाला साधारण १ जीबी माहिती जाते आणि पुढच्या प्रत्येक पिढीत हा वेग दुप्पट होतो. म्हणजे ४.० च्या आठ लेन आणि ३.० च्या सोळा लेन यांची क्षमता सारखीच. म्हणूनच नव्या बोर्डावर कार्डाला सोळाऐवजी आठ लेन मिळाल्या तर गेममध्ये फरक जेमतेम जाणवतो. त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

धास्ती घ्यायची ती लेन कुठून येतात याची. घरगुती प्रोसेसर ग्राफिक्ससाठी साधारणपणे सोळाच लेन देतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये बसणाऱ्या बहुतेक प्रोसेसरवर एकूण २८ लेन असतात, पण त्यातल्या चार चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडे जातात आणि बाकीच्या बऱ्याचशा एसएसडीकडे. ग्राफिक्सच्या वाट्याला सोळाच. चांगला बोर्ड या सोळांची आठ-आठ अशी वाटणी करतो आणि दोन्ही कार्डं थेट प्रोसेसरशी बोलतात. स्वस्त बोर्ड बहुधा सगळ्या सोळा लेन पहिल्या स्लॉटला देऊन मोकळा होतो आणि दुसरा स्लॉट चिपसेटवर टांगतो. चिपसेट म्हणजे चाळीतली एकच टाकी, प्रोसेसरकडून तिच्यात येणारा नळही एकच. यूएसबी, हार्ड डिस्क, नेटवर्क, दुसरी एसएसडी सगळे त्याच टाकीवर, आणि आता त्यात कार्डही.

मुळात दोन कार्डं हवीत कशाला, हा प्रश्न रास्त आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू २ ची दोन कार्डं जोडली की एक कार्ड पडद्यावरच्या सम ओळी काढायचं, दुसरं विषम. या जोडणीचं नाव एसएलआय. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हेच नाव नव्या अर्थाने परत आणलं, पुढच्या वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं. आता वाटणी मुख्यतः फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या एकेका पूर्ण चित्राची होती: एक फ्रेम या कार्डाने काढायची, पुढची त्याने. आकडे वाढत, पण फ्रेममधलं अंतर कमीजास्त होऊन चित्र अडखळे. दोन कार्डांची मेमरीही एकत्र होत नसे. आठ जीबी आणि आठ जीबी मिळून आठच, कारण तोच माल दोन्हीकडे ठेवावा लागे. पुढे गेम आधीच्या फ्रेममधली माहिती वापरून पुढची फ्रेम घडवू लागले आणि आळीपाळीचं हे गणित मोडलं. २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी नवी प्रोफाइलं, म्हणजे एकेका गेमसाठीच्या तयार सेटिंग्ज देणं थांबवलं, २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर जोडणीचा कनेक्टरच नाही. दोन कार्डं लावली की गेम दुप्पट पळेल, या आशेवर आज कुणी पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाच्याचा बेत वेगळा होता. लॉसलेस स्केलिंगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं कार्ड गेम चालवतं आणि दुसरं फक्त दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या फ्रेम तयार करतं. मॉनिटरची केबल दुसऱ्या कार्डाला. म्हणजे प्रत्येक खरी फ्रेम मदरबोर्डावरून एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जाणार. आम्ही कागदावर मांडून बघितलं. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर एक फ्रेम ३३ मेगाबाइटची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे २ जीबी, १२० म्हणजे ४ जीबी. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार लेनची कमाल मर्यादा ४ जीबीच्या किंचित खालीच आहे. त्याचा खालचा स्लॉट नेमका तसाच होता, ३.० चा, चार लेनचा, तोही चिपसेटवरचा.

मग दुसरा बोर्ड शोधताना मॅन्युअल आधी डाउनलोड केलं. खरी माहिती तिथल्या ब्लॉक आकृतीत असते. पिना पूर्ण दिसल्या तरी त्यामागे तारा असतीलच असं नाही. आकृती बघितली की कुठला स्लॉट कुणाकडून येतो ते कळतं. तिथेच बारीक अक्षरात आणखी एक अट सापडते: काही बोर्डांवर ठरावीक एम.२ जागेत एसएसडी बसवली की ग्राफिक्सच्या लेन निम्म्या होतात किंवा शेवटचा स्लॉट बंदच पडतो.

अंतरही बघा. दोन शेजारच्या स्लॉटमध्ये २०.३२ मिलिमीटर असतात आणि आजची मोठी कार्डं तीन-तीन स्लॉटची जागा खातात. दुसरा लांब स्लॉट दोनच घरं खाली असेल तर तो पहिल्या कार्डाखाली झाकला जातो. वरच्या कार्डाच्या पंख्यांना श्वास घ्यायला एक घर तरी मोकळं हवं. विदर्भातल्या मे महिन्यात ते घर सोन्याच्या मोलाचं. विजेचं सोपं आहे: स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, बाकीचं पॉवर सप्लायकडून, म्हणून दोन्ही कार्डांची बेरीज करूनच तो घ्यावा.

दुकानदाराने बोर्ड बदलून दिला, वरचे पैसे भाच्याने भरले. जोडणी झाल्यावर त्याने कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडलं. एक्स८ दिसलं, पण पुढे ४.० ऐवजी १.१ बघून त्याचा चेहरा पडला. "गेम लाव आणि परत बघ," मी म्हटलं. काम नसलं की कार्ड वीज वाचवायला पिढी खाली उतरवतं. गेम सुरू झाला, आकडा ४.० वर गेला आणि खालच्या कार्डाचे पंखेही फिरू लागले.