तीन दिवस, बारा गाणी: क्लिफर्ड ब्राऊनच्या बॅलड्सची पार्श्वभूमी

शब्दकोशात 'बॅलड'चा अर्थ पोवाडा असा सापडतो. जॅझमधल्या बॅलडचा मात्र डफ-तुणतुण्याशी काही संबंध नाही. तिथे बॅलड म्हणजे संथ लयीतलं, बहुतेकदा प्रेमाचं किंवा विरहाचं गाणं. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊनची 'क्लिफर्ड ब्राऊन विथ स्ट्रिंग्ज' (म्हणजे तंतुवाद्यांसोबत) ही अशाच 12 गाण्यांची तबकडी. 1955 च्या जानेवारीत, 18 ते 20 तारखांना, न्यूयॉर्कमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली.

व्हायोलिनच्या ताफ्यासमोर जॅझ वादकाला उभं करण्याची वाट चार्ली पार्करने आधीच पाडून ठेवली होती. 1949 मध्ये त्याने तंतुवाद्यांसोबत सॅक्सोफोन वाजवला, तेव्हा काहींनी 'हा बाजारू झाला' म्हणून नाक मुरडलं. लोकांनी ती तबकडी उचलून धरली. पुढे 1952 मध्ये जॅकी ग्लीसनच्या वाद्यवृंदासोबत बॉबी हॅकेटचा मवाळ ट्रम्पेट आला आणि त्या तबकडीचा प्रचंड खप झाला. 1948 पासून लाँग-प्ले तबकडी बाजारात होतीच. दिवाणखान्यात सलग ऐकता येईल असं शांत संगीत कंपन्यांना हवं होतं.

मर्क्युरी या ध्वनिमुद्रण कंपनीची जॅझ शाखा 'एमआर्सी'ने ब्राऊनला हेच काम दिलं. तेव्हा तो 24 वर्षांचा होता. ड्रमर मॅक्स रोचबरोबरच्या पाच वादकांच्या संचात त्याचं नाव झालं होतं ते सुसाट लयीतल्या, घोटीव वादनामुळे. इथे संगीतसंयोजन नील हेफ्तीचं होतं आणि प्रत्येक गाण्याला जेमतेम तीन मिनिटं. निवडलेली गाणी ब्रॉडवे-हॉलीवूडची, लोकांच्या तोंडी बसलेली. त्यात तीन तर एकट्या जेरोम कर्नची.

द्रुत लयीत तयारी दिसते, विलंबितात कस लागतो, हे आपल्याकडच्या श्रोत्याला वेगळं सांगायला नको. ट्रम्पेटवर तर लांबवलेला स्वर ओठांचं आणि दमसासाचं सगळं खरं बाहेर काढतो. याच तबकडीवरचं 'लॉरा' ऐका. ब्राऊन चाल मोडत नाही. स्वर सरळ लावतो, थोडा वेळ तसाच धरतो आणि शेवटाकडे त्याला हलकंसं आंदोलन देतो. करामतीला वाव असूनही तो तिच्या वाटेला जात नाही. व्हायोलिनं मला कधी कधी जास्त गोड वाटतात, पण ट्रम्पेट एकदाही पाघळत नाही.

हा संयम कमावलेला होता. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचा हा मुलगा गणिताचा विद्यार्थी, बुद्धिबळ खेळणारा. 1950 च्या मोटार अपघातानंतर तो कित्येक महिने अंथरुणाला खिळून होता. ट्रम्पेट सोडू नकोस, असा धीर रुग्णालयात येऊन नामवंत ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने दिला. त्याच वर्षी ब्राऊनचा आदर्श, ट्रम्पेटवादक फॅट्स नव्हारो, क्षय आणि हेरॉईनने गेला. ब्राऊन व्यसनांपासून कटाक्षाने लांब राहिला.

26 जून 1956 च्या पावसाळी रात्री, शिकागोला जाताना, पेनसिल्व्हेनियाच्या हमरस्त्यावर गाडी घसरली. ब्राऊन, याच तबकडीवर पियानो वाजवणारा रिची पॉवेल आणि गाडी चालवणारी रिचीची पत्नी नॅन्सी, तिघंही गेले. ब्राऊन 25 वर्षांचा होता. सॅक्सोफोनवादक आणि संगीतकार बेनी गोल्सनने त्याच्या आठवणीत एक रचना केली, तीही बॅलडच. 1957 मध्ये फिलाडेल्फियाच्या ली मॉर्गनने ती ट्रम्पेटवर वाजवली, तेव्हा तो 18 वर्षांचा होता.