पुट आणि पॅच: न पाठवलेल्या रकान्याचं काय होतं?

सोसायटीच्या देखभाल-वसुलीचा तक्ता एअरटेबल या ऑनलाइन तक्त्यांच्या सेवेत आहे असं धरू. प्रत्येक ओळीत पाच रकाने: फ्लॅट क्रमांक, मालकाचं नाव, मोबाइल, थकबाकी, वाहनं. खजिनदाराला एमआयटी ॲप इन्व्हेंटरमध्ये (ब्लॉक जोडून ॲप बनवण्याचं साधन) बांधलेल्या ॲपातून एकाच फ्लॅटची थकबाकी ४५०० वरून शून्यावर आणायची आहे. नेटवरून मागण्या पाठवणाऱ्या वेब कंपोनंटच्या ब्लॉकांमध्ये पुटटेक्स्ट आणि पॅचटेक्स्ट दोन्ही आहेत; पुट आणि पॅच हे नोंद बदलायला सांगणाऱ्या मागणीचे दोन प्रकार. दोन्हींना तोच मजकूर जोडता येतो आणि दोन्हींचं उत्तर २०० असं येतं, म्हणजे काम झालं. फरक तक्ता उघडल्यावर कळतो. पॅचने फक्त थकबाकी बदललेली असते. पुटने थकबाकी शून्य केलेली असते आणि सोबत नाव, मोबाइल, वाहनं, अगदी फ्लॅट क्रमांकसुद्धा कोरा केलेला असतो.

यात बिघाड काहीच नाही. पुटच्या लेखी तुम्ही पाठवलेला मजकूर म्हणजेच अख्खी नोंद, त्यामुळे ज्याचा उल्लेख नाही ते नकोच आहे असं ते धरतं. पॅचच्या लेखी ज्याचा उल्लेख नाही ते आहे तसं राहू द्यायचं. ‘पुट म्हणजे पूर्ण, पॅच म्हणजे थोडं’ असं पाठ करण्यापेक्षा हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढच्या अडचणी यातूनच उलगडतात.

पाठवण्याची रीत दोन्हींना सारखीच. वेब कंपोनंटच्या यूआरएलमध्ये एअरटेबलच्या एपीआयचा (बाहेरच्या ॲपांसाठी ठेवलेल्या दाराचा) पत्ता, त्यापुढे बेसचा (तक्त्यांच्या संचाचा) आयडी, तक्त्याचा आयडी आणि शेवटी त्या ओळीचा रेकॉर्ड आयडी. रिक्वेस्ट हेडर्सना यादीची यादी लागते: एका जोडीत ऑथोरायझेशन, ज्यात ‘बेअरर’ हा शब्द, एक मोकळी जागा आणि टोकन (ॲपाला ओळख पटवणारी गुप्त खूण); दुसऱ्या जोडीत कंटेंट टाइप, जेसन (किल्ली आणि किंमत अशा जोड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत). टोकन बनवताना नोंदी लिहिण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती राहिली तर वाचन नीट चालतं आणि बदल करताना ४०३ (परवानगी नाही) येतो. जुन्या पद्धतीची एपीआय की २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, तेव्हा ती दाखवणारे धडे बाजूला ठेवा. मजकुरात बाहेर ‘फील्ड्स’ ही किल्ली आणि तिच्या आत रकान्यांची नावं व किमती. गॉटटेक्स्ट घटनेत उत्तराचा मजकूर एका लेबलवर छापून ठेवावा. बदलानंतरची नोंद त्यात परत येते, त्यामुळे रकाने गळाले असतील तर तिथेच दिसतं. नुसता २०० बघून भागत नाही.

आता पुटची भीती बसलेली मंडळी एक पळवाट काढतात: आधी अख्खी नोंद वाचायची, हवा तो रकाना बदलायचा आणि सगळं पुटने परत पाठवायचं. इथे दोनदा ठेच लागते. नोंदीत सूत्राचा किंवा आपोआप क्रमांकाचा रकाना असेल तर तो परत पाठवल्यावर ४२२ (पाठवलेला मजकूर चालत नाही) येतो, कारण तिथे बाहेरून किंमत लिहिता येत नाही. दुसरं म्हणजे वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या वेळात दुसऱ्या फोनवरून सचिवांनी मोबाइल नंबर बदलला, तर तुमचं पुट जुना नंबर पुन्हा बसवतं. पॅचमध्ये दोघे वेगवेगळे रकाने बदलत असतील तर हा गोंधळ होत नाही.

पण पॅचही सगळीकडे बिनधोक नाही. त्याची हद्द रकान्यापर्यंत. रकान्याच्या आत तो पुटसारखाच वागतो. ‘वाहनं’ हा अनेक पर्याय निवडण्याचा रकाना असेल, त्यात ‘दुचाकी’ आधीच असेल आणि तुम्ही पॅचने फक्त ‘चारचाकी’ पाठवलीत, तर दुचाकी जाते. दुसऱ्या तक्त्याशी जोडलेल्या नोंदी आणि जोडपत्रं यांचंही तसंच. भर घालायची असेल तर जुनी यादी वाचून, तिच्यात नवीन घालून पूर्ण यादी पाठवावी लागते.

रकाना मुद्दाम कोरा करायचा असेल तर पॅचमध्ये त्याची किंमत नल (म्हणजे काहीच नाही) पाठवायची. ॲप इन्व्हेंटरमध्ये नलचा वेगळा ब्लॉक नाही, म्हणून तेवढ्यापुरता जेसन मजकूर जॉइन ब्लॉकने जोडून बनवावा. उलट बाजूने, वाचताना एअरटेबल कोरे रकाने पाठवतच नाही. खूण न केलेला चेकबॉक्सही उत्तरात नसतो. डिक्शनरीतून किंमत घेताना ‘न सापडल्यास’ ही जागा भरलेली असू द्या.

४२२ चं सर्वांत नेहमीचं कारण मात्र साधं आहे. टेक्स्टबॉक्समधून आलेलं ४५०० हा मजकूर असतो आणि आकड्याच्या रकान्याला तो चालत नाही. त्यात शून्य मिळवा, आकडा होतो. टाइपकास्ट (किंमत रकान्याच्या प्रकारात आपोआप बदलण्याची सोय) चालू करूनही भागतं, पण मग एका पर्यायाच्या रकान्यात ‘भरले’ऐवजी चुकून ‘भरल’ गेलं तर नवाच पर्याय तयार होऊ शकतो. कुणी तक्त्यात रकान्याचं नाव बदललं तरी ४२२ येतो. ते टाळायला नावाऐवजी रकान्याचा आयडी वापरावा. एका बेसला सेकंदाला ५ मागण्यांची मर्यादा आहे, ओलांडली की ४२९ येतो आणि ३० सेकंद थांबावं लागतं. साठ फ्लॅट बदलायचे असतील तर एका मागणीत १० नोंदी घालून सहा फेऱ्यांत उरका.

गूगलच्या फायरबेस या सेवेतल्या रिअलटाइम डेटाबेसमध्येही हेच दोन शब्द आहेत, पण तिथे एकात एक खण असल्यामुळे धोका मोठा. ज्या पत्त्यावर पुट कराल त्याच्या खालचं सगळं झाड बदलतं. पत्ता एक पायरी वर लिहिला गेला तर एका फ्लॅटऐवजी सगळे फ्लॅट जातात. पॅच नाव घेतलेल्या किल्ल्याच बदलतो, मात्र एकच पातळी. ‘पत्ता’ या किल्लीखाली फक्त पिन कोड पाठवलात तर गल्ली आणि गाव पुसलं जातं. किल्ली तिरप्या रेघेने ‘पत्ता/पिन’ अशी लिहिली की तेवढंच बदलतं. एअरटेबलला रेकॉर्ड आयडी चुकला तर त्रुटी येते. रिअलटाइम डेटाबेसमध्ये मात्र, नियमांनी अडवलं नाही तर, चुकलेल्या पत्त्यावर निमूटपणे नवी नोंद तयार होते. फायरबेसच्याच फायरस्टोअर या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा आणखी निराळी: तिथल्या एपीआयमध्ये मागणीचं नाव पॅच, पण कोणते रकाने बदलायचे याचा अपडेट मास्क दिला नाही तर ती अख्खा दस्तऐवज पुसून नव्याने लिहिते.

मग पुट वापरायचं कधी? फॉर्मवर त्या नोंदीचे लिहिण्याजोगे सगळेच रकाने असतील आणि कोरा सोडलेला रकाना खरोखर कोरा व्हायला हवा असेल तेव्हा. एक्सेलची यादी हाच मूळ दस्तऐवज मानून तक्ता तिच्याशी तंतोतंत जुळवायचा असेल तेव्हाही. बाकी वेळी पॅच. पहिली चाचणी तक्त्याची नक्कल काढून तिच्यावरच करा. ॲपातले आयडी मात्र नकलेतले घालावे लागतात.