मलाखींची यादी आणि अस्वलाचं पुस्तक

२०२५च्या मे महिन्यात रोममध्ये कार्डिनल मंडळी नवा पोप निवडायला बंद दाराआड जाणार होती, त्या दिवसांत माझ्या फोनवर फिरत फिरत एक चित्र आलं. झग्यातला पोप, शेजारी अस्वल आणि अस्वलाची पिल्लं. खाली मजकूर: ‘संत मलाखींचं नऊशे वर्षांपूर्वीचं भाकीत, आता येणारा पोप शेवटचा!’ पाठवणारे वसईचे एक स्नेही. दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे, पण अशा गोष्टी दिसल्या की हात आवरत नाही.

चित्र बनावट नव्हतं. मजकुरातली यादीही खरोखर छापलेली आहे. फक्त चित्र एका घरचं आणि मजकूर दुसऱ्या घरचा. पोपांच्या परंपरेविषयी कॅथलिक जगात दोन प्रसिद्ध भाकितं आहेत आणि त्यांची अशी सरमिसळ सतत होते. एक शब्दांची यादी, दुसरं चित्रांचं पुस्तक. दोन्हींवर ज्या सत्पुरुषांची नावं आहेत त्यांनी ती लिहिलेली नाहीत, एवढं मात्र दोघांत सारखं.

आधी यादी घेऊ. मलाखी म्हटल्यावर मराठी बायबल वाचणाऱ्याला जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक आठवेल. तो संदेष्टा वेगळा. हे मलाखी बाराव्या शतकातले आयर्लंडमधल्या आर्मा गावचे आर्चबिशप. जन्म १०९४चा, मृत्यू ११४८ मध्ये फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठात. त्या मठाचे प्रमुख संत बर्नार्ड त्यांचे जिवलग, आणि त्यांनीच पुढे मलाखींचं चरित्र लिहिलं. आता दंतकथा अशी: ११३९ मध्ये मलाखी रोमला गेले, तिथे त्यांना दृष्टान्त झाला, पुढचे सगळे पोप ओळीने डोळ्यांसमोरून गेले. त्यांनी ते लॅटिनमध्ये टिपून पोप इनोसंट दुसरे यांच्या हाती दिलं आणि कागद दप्तरखान्यात साडेचारशे वर्षं पडून राहिला. रोमला ते गेले होते हे खरंच आहे. दृष्टान्ताची गोष्ट मात्र एका फ्रेंच पाद्रींनी १८७१ मध्ये सांगितली. बर्नार्ड यांच्या चरित्रात मलाखींचे चमत्कार आहेत, स्वतःच्या मृत्यूबद्दल त्यांनी आधीच सांगितलं होतं तेही आहे. पोपांच्या यादीबद्दल अवाक्षर नाही. जिवलग मित्र चमत्कार मोजून लिहितो आणि सगळ्यात मोठा तेवढा विसरतो, हे पटत नाही.

यादी पहिल्यांदा छापली गेली १५९५ मध्ये, व्हेनिसला, आर्नोल्ड व्हिऑन नावाच्या बेनेडिक्टाइन साधूच्या ‘लिग्नुम व्हिते’ म्हणजे ‘जीवनवृक्ष’ या ग्रंथात. एकूण ११२ नोंदी. ११४३ मध्ये निवडले गेलेले सेलेस्टिन दुसरे यांच्यापासून सुरुवात, आणि प्रत्येक पोपासाठी दोन-चार लॅटिन शब्दांचं कोडं. जुन्या पोपांची कोडी इतकी चपखल सुटतात की वाचताना मजा येते. ‘टायबरकाठच्या गढीतून’: सेलेस्टिन दुसरे जन्मले ते टायबरकाठच्या चित्ता दि कास्तेल्लो गावात. ‘पांढऱ्या शिवारातून’: एड्रियन चौथे, आजवरचे एकमेव इंग्रज पोप, मूळचे सेंट ऑल्बन्सकडचे, आणि लॅटिनमध्ये ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. सगळ्यात बहारदार पायस दुसरे यांचं: ‘बकरी आणि धर्मशाळेतून’. का, तर तरुणपणी ते काप्रानिका आणि अल्बेर्गाती या दोन कार्डिनलांचे चिटणीस होते. ‘काप्रा’ म्हणजे बकरी, ‘अल्बेर्गो’ म्हणजे उतरायची जागा. हा दृष्टान्त झालेला माणूस असेल तर त्याला देवाने दृष्टान्तासोबत कोट्या करायची खोडही दिली होती म्हणायची.

कोडं कशावरून घातलंय, तर आडनाव, जन्मगाव, घराण्याच्या ढालीवरचं चिन्ह, आधी सांभाळलेलं पद. म्हणजे पोपांच्या चरित्रकोशात सापडेल तेवढंच. असा कोश ओनोफ्रिओ पान्विनिओ नावाच्या विद्वानाने १५५७ मध्ये छापला होता, आणि त्यातल्या काही चुकाही यादीत जशाच्या तशा उतरल्यात. परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघून लिहिणारा मुलगा असाच सापडतो.

या चपखलपणाला एक तारीख आहे. १५९०च्या सप्टेंबरात अर्बन सातवे पोप झाले आणि दोन आठवडेही पूर्ण व्हायच्या आत वारले. व्हिऑनच्या ग्रंथात त्यांच्यापर्यंतच्या प्रत्येक कोड्याचं उत्तर शेजारी छापलेलं आहे. पुढच्या कोड्यांना नाही, आणि ती सुटतही नाहीत. ‘गावरान जनावर’ हे कोडं आलं बेनेडिक्ट चौदावे यांच्या वाट्याला, म्हणजे पोपांमधल्या अत्यंत व्यासंगी आणि मिश्कील माणसाच्या. भाविक सांगतात, बैलासारखं राबले म्हणून. ‘उंब्रियाचा गुलाब’ क्लेमेंट तेरावे यांचं, आणि ते व्हेनिसचे. मधूनच एखादा नेम बसतो, नाही असं नाही: लिओ तेरावे यांचं कोडं ‘आकाशातला प्रकाश’, आणि त्यांच्या घराण्याच्या ढालीवर धूमकेतू आहे. पण मोघम बोललं की शंभरात दहा-वीस बसतातच.

अर्बन सातव्यांनंतरचं कोडं आहे ‘शहराच्या प्राचीनतेतून’. त्या १५९०च्या निवडणुकीत, जी जवळपास दोन महिने रेंगाळली, जिरोलामो सिमोनचेल्ली नावाचे एक कार्डिनल इच्छुकांत होते. गाव ऑर्व्हिएतो, त्याचं लॅटिन नाव ‘उर्ब्स वेतुस’, म्हणजे जुनं शहर. यादी म्हणजे सिमोनचेल्लींच्या बाजूचं प्रचारपत्रक होतं, असा बऱ्याच अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो, कारण पत्रकाची गत पत्रकासारखीच झाली: सिमोनचेल्ली पडले, मिलानकडचे ग्रेगरी चौदावे निवडून आले, आणि कागद मात्र उरला. १६८९ मध्ये मेनेस्त्रिए या फ्रेंच जेझुइटांनी यादी बनावट असल्याचं सविस्तर लिहिलं. तरी ती चाललीच आहे. तेव्हा ‘मध्ययुगीन भाकीत’ म्हणून जी सगळ्यात जास्त फिरते, ती मध्ययुगातली नाहीच. अकबर हयात असतानाची आहे.

अस्वल खरं मध्ययुगातलं. त्या पुस्तकाचं नाव ‘वातिचिनिया दे सुम्मिस पोंतिफिचिबुस’, सर्वोच्च धर्मगुरूंविषयीची भाकितं. त्यावर नाव चिकटलं इटलीतल्या कालाब्रियाचे मठाधिपती फिओरेचे योआकिम यांचं. योआकिम १२०२ मध्येच वारले होते. इतिहासाची पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन युगं मांडणारा हा माणूस पुढची शे-दोनशे वर्षं इतका गाजत राहिला की कुठल्याही निनावी भाकिताला त्याचं नाव लावलं की ते खपायचं. आपल्याकडे अनाम अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ जोडतात, तसंच.

पुस्तकाचा पहिला भाग जन्मला तो काळ बघायला हवा, नाहीतर चित्रं कळत नाहीत. १२९२ पासून सव्वादोन वर्षं पोपच नव्हता. कार्डिनलांचं एकमत होईना, म्हणून १२९४ मध्ये डोंगरात राहणाऱ्या म्हाताऱ्या तपस्व्याला, पिएत्रो दा मोर्रोने यांना, उचलून गादीवर बसवलं: सेलेस्टिन पाचवे. पाच महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या बोनिफेस आठव्यांनी त्यांना नजरकैदेत ठेवलं, आणि ते तिथेच वारले. मग १३०३ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी, कोलोन्ना घराण्याच्या मदतीने, खुद्द बोनिफेसना आनान्यीत धरलं. सुटका झाली, पण महिन्याभरात तेही गेले. पुढचे पोप आठ महिन्यांत वारले, आणि पेरुज्यात जमलेले कार्डिनल पुन्हा जवळजवळ वर्षभर भांडत बसले. या धुमाळीत, १३०४च्या आसपास, पंधरा चित्रांची एक वही हातोहात फिरायला लागली.

पहिलं चित्र अस्वलाचं, आणि ते ओळखायला कोणाला भविष्य कळायची गरज नव्हती. १२७७ ते १२८० या काळातले पोप निकोलस तिसरे ओर्सिनी घराण्यातले, आणि ‘ओर्सो’ म्हणजे अस्वल. पुतण्या-भाच्यांना कार्डिनलपदं वाटण्याबद्दल ते बदनाम, म्हणून शेजारी पिल्लं. सोबतच्या मजकुराची सुरुवातच ‘नीच जात’ अशी आहे. दान्तेनेही त्याच सुमारास याच पोपाला नरकात उलटं पुरलंय आणि त्याच्याच तोंडून ‘मी अस्वलिणीचा लेक’ वदवलंय. म्हणजे ही थट्टा तेव्हा गावभर होती. पंधरा चित्रांपैकी पहिली काही अशी होऊन गेलेल्या पोपांची टवाळी, आणि शेवटची काही येणाऱ्या साध्या, निर्धन, देवदूतासारख्या पोपाची आस. टवाळी अचूक आणि आशा धूसर. वही कधी तयार झाली ते या फरकावरूनच कळतं, जसं मलाखींच्या यादीत १५९० वरून कळतं.

आता गंमत. ही चित्रं त्या अज्ञात लेखकाची स्वतःची नव्हतीच. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट लिओ सहावे ‘ज्ञानी’ यांच्या नावावर एक भाकितांची चित्रमाला होती, तिथल्या सम्राटांविषयीची. तीही लिओंची नव्हे. आपल्या लेखकाने ती उचलली आणि सम्राटांच्या जागी पोप बसवले. त्यामुळे हातात विळा घेतलेला माणूस, खडकावर बसलेला नागडा माणूस, असली काही कोड्यात टाकणारी चित्रं पोपांच्या रांगेत येऊन बसली. ती मुळात दुसऱ्याच राजधानीतली होती.

साधारण १३३० च्या सुमारास कोणीतरी आणखी पंधरा चित्रांची दुसरी वही केली, पुन्हा निकोलस तिसऱ्यांपासूनच. तिची सुरुवात ‘चढ, टकल्या’ या शब्दांनी. अलीशा संदेष्ट्याला पोरं टकल्या म्हणून चिडवतात ती बायबलमधली गोष्ट आठवा. तिथेही रानातून दोन अस्वलिणी येतात. ओर्सिनींना टोमणा मारायला लेखकाने बायबलातलं बरोबर तेच पान काढलं. पुढे, पोपपदाची महाफूट (एकाच वेळी दोन-तीन जण स्वतःला पोप म्हणवत होते ती) मिटवायला कॉन्स्टन्सची धर्मसभा भरली (१४१४ ते १४१८) त्या सुमारास, दोन्ही वह्या एकत्र बांधल्या गेल्या. नवी वही आधी आणि जुनी नंतर! तीस चित्रं झाली. पण जुनी वही मागे गेल्यामुळे निकोलसांचं अस्वल पहिल्या जागेवरून सोळाव्या जागेवर गेलं, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं पुढे सरकून महाफुटीच्या काळातल्या पोपापाशी बसलं. कोणी हरकत घेतली नाही. चित्राला आकडा नसतो, आडनाव नसतं, त्यामुळे ते कुठेही चालतं.

सगळ्यात लांब सरकलं ते विळेवाल्याचं चित्र. न्यूरेंबर्गमध्ये आंद्रेआस ओसिआंडर या प्रोटेस्टंट सुधारकाला या पुस्तकाच्या जुन्या प्रती सापडल्या. १५२७ मध्ये त्याने ती चित्रं आपल्या टीपांसह छापली, आणि ओव्या रचून दिल्या हान्स झाक्स या तिथल्या चांभार-कवीने. विळा आणि गुलाब हातात घेतलेला तो साधू कोण? ओसिआंडर म्हणतो, मार्टिन ल्यूथर. गुलाब ही ल्यूथरची खूणच होती. ल्यूथरला चित्र आवडलं. नगरपरिषदेने प्रती जप्त केल्या. कॅथलिक साधूंच्या वह्यांतून आलेलं भाकीत पोपांच्याच विरुद्ध वापरलं गेलं.

मलाखींच्या यादीला ही सोय नाही. तिला आकडा आहे, आणि आकडा संपतो. १११वं कोडं ‘ऑलिव्हचं वैभव’ बेनेडिक्ट सोळावे यांच्यावर आलं. पुढची नोंद थोडी लांब: अखेरच्या छळाच्या काळात ‘रोमन पीटर’ कळप सांभाळेल, मग सात टेकड्यांचं शहर, म्हणजे रोम, नष्ट होईल आणि भयंकर न्यायाधीश न्याय करील. समाप्त. २०१३ मध्ये आले फ्रान्सिस, अर्जेंटिनाचे होर्खे बेर्गोलिओ. नावात पीटर नाही, रोमन नाहीत. मग कोणी शोधलं की असिसीच्या संत फ्रान्सिसांच्या वडिलांचं नाव पिएत्रो होतं. २१ एप्रिल २०२५ला फ्रान्सिस गेले आणि शहर शाबूत राहिलं, तेव्हा नजर वळली पारोलिन, टर्कसन, एर्दो या कार्डिनलांकडे, कारण तिघांचीही नावं पीटरचीच रूपं. १३३ कार्डिनलांनी, त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांवही होते, ८ मेला निवडले रॉबर्ट प्रिव्होस्ट, आणि त्यांनी नाव घेतलं लिओ चौदावे. तसं पाहिलं तर पीटर हे नाव पहिल्या पीटरनंतर एकाही पोपाने घेतलेलं नाही. ज्यांचं मूळ नाव तेच होतं त्यांनीही बदललं, ९८३ मधल्या जॉन चौदाव्यांनी तर नक्कीच. आता श्रद्धाळू म्हणतात की शेवटची नोंद मूळ छापील पानावर वेगळ्या परिच्छेदात आहे, तेव्हा ऑलिव्ह आणि पीटर यांच्या मध्ये कितीही पोप येऊ शकतात. ही पळवाट निघाली म्हणजे यादीनेही शेवटी अस्वलाची युक्ती उचलली.

दोन्हींना जोडणारी एक वाट आहे, ती सोडून चालणार नाही. यादीतलं ‘पास्तोर आंजेलिकुस’, देवदूतासारखा मेंढपाळ, हे कोडं पायस बाराव्यांच्या वाट्याला आलं, आणि १९४२ मध्ये त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटाचं नावही तेच होतं. ही कल्पना १५९०ची नाही. सेलेस्टिन पाचव्यांच्या काळातल्या त्याच ‘देवदूत पोपा’च्या आशेची ती वारस आहे, चित्रांच्या वह्यांनी वाढवलेली. बनावट यादी करणाऱ्यानेही तेवढ्यापुरतं जुन्यातून घेतलं.

वसईकर स्नेह्यांना मी लिहिलं, चित्र १३०४च्या आसपासचं, मजकूर १५९०चा. त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘पण मी टीव्हीवर पाहिलंय, हे अस्वल नॉस्त्रदामसचं आहे!’ टीव्हीवर पाहिलं असेल, तेवढं बरोबर. रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली या चित्रांची एक प्रत काही वर्षांपूर्वी ‘नॉस्त्रदामसचं हरवलेलं पुस्तक’ म्हणून प्रसिद्धीला आली आणि तिच्यावर माहितीपटही निघाला. नॉस्त्रदामस हे फ्रेंच भविष्यवेत्ते जन्मले १५०३ मध्ये. अस्वल तोवर दोनशे वर्षांचं झालं होतं.